आधी माझं, मग तिचं

‘नॉर्मल’ हा शब्द बाईंच्या खोलीत चालत नसे. चित्रात काही सापडलं नाही तर त्या ‘आज काही दिसत नाही’ एवढंच सांगत, आणि अहवालातही तेवढंच जाई. एका नव्या डॉक्टरने सवयीने ‘नॉर्मल’ टाइप केलं, तेव्हा बाईंनी त्याला समोर बसवून घेतलं.

“तू ओळखतोस हिला?”

“नाही, बाई.”

“मग ही नॉर्मल आहे हे तुला कोणी सांगितलं? हिच्या सासूने?”

शब्द बदलून होईपर्यंत बाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

बाई रेडिओलॉजिस्ट होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्यावर रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या तपासणी केंद्रात त्या मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची, चित्रं वाचत. ट्रस्टची एक मोठी गाडी होती, तिच्यात यंत्र बसवलेलं होतं. ही गाडी उत्तरेला आंजर्ल्यापासून दक्षिणेला नाटे गावापर्यंत गावोगाव जाई आणि कसलीही तक्रार नसलेल्या बायकांची चित्रं काढी. ती चित्रं भाट्याच्या खाडीकडे तोंड केलेल्या एका खोलीत बाईंसमोर पडद्यावर येत. ‘वाचणं’ हा त्यांचाच शब्द. चित्र बघतात ते सिनेमाला जाणारे, असं त्या म्हणत.

मी तिथे प्रथम गेले ती बातमीसाठी. केंद्राने चित्रं तपासायला कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली घेतली होती आणि आमच्या दैनिकाला त्यावर एक चौकट हवी होती. चौकट छापून आली, विषय संपला. मी मात्र त्यानंतरही, सवड मिळेल तेव्हा, त्या खोलीत जाऊन मागच्या बाकावर बसत राहिले. वाचन चालू असताना प्रश्न नाही आणि उसासा नाही, एवढीच अट होती. “उसासे टाकायचे तर मांडवीच्या किनाऱ्यावर जा,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. “तिथे वारा आहे, कोणाला कळत नाही.”

बाई अंगाने किडकिडीत होत्या. इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात दोन चष्मे. जवळचा चष्मा कामाचा, लांबचा पाण्याचा. काही चित्रं वाचून झाली की त्या उठत, लांबचा चष्मा लावत आणि गॅलरीत जाऊन खाडीच्या तोंडाशी निघालेल्या होड्यांकडे बघत उभ्या राहत. बाई कुठे आहेत असं कोणी विचारलं की ‘पाण्यावर’ असं उत्तर मिळे. ट्रस्टचे अध्यक्ष एकदा पाहुण्यांना घेऊन आले आणि ताटकळत बसले. आत आल्यावर बाईंनी खुलासा केला. “जवळचं बघून बघून डोळ्याला सगळं सारखंच दिसायला लागतं. लांबचं दाखवून आणलं की वळणावर येतो. तूही येत जा रे. कागद बघून बघून तुझेही गेलेत.” अध्यक्ष साठीचे होते. त्यांना ‘अरे’ म्हणणारं गावात दुसरं कोणी उरलं नसावं.

आमच्याकडे गाठीचं माप आंब्यात सांगतात. बाठीएवढी, कैरीएवढी. बाईंना ते खपत नसे. एक बागायतदार पत्नीला घेऊन आले आणि गाठ ‘साधारण पायरीएवढी’ असल्याचं म्हणाले. बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. “मिलिमीटरमध्ये सांगता येत नसेल तर सांगू नका. आंबा खायचा असतो.” ते दोघे बाहेर पडले. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, “पायरीएवढी होईस्तोवर वाट बघितलीन मेल्याने.”

प्रणाली बसवायला कंपनीचा माणूस आला, त्या दिवशी मी हजर होते. तिने किती चित्रं पाहिली आहेत, संशय आला तर ती चित्रावर चौकोन कशी काढते, चौकोनाशेजारी संशयाचा आकडा कसा येतो, हे त्याने नीट सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

“चहा घेते का ही?”

“नाही, मॅडम.”

“दमते? रुसते? माहेरी जाते?”

“नाही.”

“मग सूनबाई बरी मिळाली म्हणायची.”

बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. तेव्हापासून केंद्रात त्या प्रणालीला सगळे सूनबाईच म्हणू लागले. गाडीवरची तंत्रज्ञ मेघना फोनवर सरळ विचारत असे, “बाई, सूनबाईंचं काय मत पडलं?”

नव्या सुनेला बाईंनी एक नियम लावला. तिचा पडदा वेगळा होता. त्यावर त्या एक सुती पंचा टाकून ठेवत. आधी स्वतः चित्र वाचायचं, काय दिसलं ते मोठ्याने सांगून टाइप करून घ्यायचं आणि मगच पंचा उचलायचा. कंपनीच्या माणसाने सुचवून पाहिलं की दोन्ही पडदे शेजारी उघडे ठेवले तर काम लवकर उरकेल. “तिचं आधी बघितलं की मला तेच दिसणार,” बाई म्हणाल्या. “आधी माझं, मग तिचं. आणि माझं लिहिलेलं मग खोडायचं नाही. खाली दुसरं लिहायचं.”

पहिल्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट केली, ती मला आधी सूनबाईंची परीक्षा वाटली. ज्या बायकांचा रोग उशिरा सापडला होता, त्यांची त्याआधीची चित्रं बाईंनी जपून ठेवली होती. ही चित्रं त्यांनीच कधीकाळी वाचली होती आणि प्रत्येकीच्या अहवालात ‘आज काही दिसत नाही’ असं सांगितलं होतं. ती सगळी त्यांनी सूनबाईंपुढे ठेवली. काहींवर तिलाही काही दिसलं नाही. एक गाठ बाईंनी वेळेत पकडलेली होती, तीही त्यांनी मुद्दाम मध्ये घातली होती. तिथे सूनबाई गप्प राहिली. पण काही चित्रांवर चौकोन आला, आणि तो नेमका तिथे आला जिथे पुढे गाठ झाली होती.

अशी चित्रं आली की बाई नाव घेत. “हेदवीची ती मास्तरीण.” थोड्या वेळाने, “ही नाचणे गावची.” नावापुढे काही जोडत नव्हत्या. मेघना माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. शेवटचं चित्र झाल्यावर बाई पाण्यावर गेल्या आणि त्या दिवशी परत वाचायला बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी आल्या. पंचा उचलून सूनबाईंच्या पडद्यावरची धूळ पदराने पुसली, पंचा परत टाकला आणि मेघनाला म्हणाल्या, “राहू दे हिला. मी चुकते तिथे ही दर वेळी चुकत नाही, ही चुकते तिथे मी चुकत नाही. दोघी दर वेळी एकाच खड्ड्यात पडत नाही, हे पुष्कळ झालं.”

सत्तरीच्या आसपासची, आयुष्यभर एकच काम केलेली व्यक्ती एका दुपारी आपल्या चुका नावानिशी ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी त्या सांगणाऱ्या यंत्राची धूळ पुसते. बातमीदारीत मी बरीच मोठी म्हणवणारी माणसं जवळून पाहिली होती. हे पाहिलं नव्हतं.

राजापूर तालुक्यात, नाट्याच्या अलीकडे, एका गावच्या शाळेत तपासणी ठरली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमी यायची होती. घरोघर हळदीकुंकू चालू होतं. सकाळी बायका आल्या त्या काठापदराच्या साड्या नेसून, वेणी-गजरा माळून. पहिली चित्रं रत्नागिरीत आली. बाईंनी वाचली आणि पंचा उचलला. पाठोपाठ प्रत्येक चित्रावर चौकोन. काहींवर दोन-दोन.

बाईंना कारण शोधायला वेळ लागला नाही. काखेत आणि घडीत बारीक पांढरे कण भुरभुरले होते. त्यांनी मेघनाला फोन लावला.

“बायकांनी पावडर लावलीय का गो?”

पलीकडे मेघनाने विचारलेलं आणि मागे पिकलेलं हसू आम्हाला इथे ऐकू आलं. मग गावच्या आशाताईंनी फोन घेतला.

“लावल्यानी बाय. सगल्यांनी. परक्या बाईपुढं अंग उघडं करायचं, घामाचा वास नको यायला, म्हून मीच सांगितलं. बरी डबे भरून लावल्यानी.”

पावडरीतले कण क्ष-किरण चित्रात पांढरे दिसतात. कर्करोगाची अगदी पहिली खूण असलेले चुन्याचे कणही पांढरेच दिसतात. बाईंनी सगळ्यांना धुऊन परत उभं करायला सांगितलं. शाळेच्या मोरीत साडीचा आडोसा करून बायकांनी अंग धुतलं, चित्रं नव्याने आली. चौकोन गेले. गावात एव्हाना ‘पावडरीचा रोग’ अशी थट्टा सुरू झाली होती. मेघनाच्या आवाजातही हसू होतं. “आज सूनबाईंची लाज निघाली, बाई.”

एकच बाई धुवायला थांबली नव्हती. तिचं नाव सुनंदा. वाडीतलं हळदीकुंकू तिच्याच घरी होतं, म्हणून धुण्याचं ठरण्याआधीच तिचं चित्र काढून तिला सोडलं होतं. बाईंनी तिचं वाचनही, बाकीच्यांच्या पावडरीपाठोपाठ, सांगून टाकलं होतं: डावीकडे काखेजवळ पावडर. पंचा उचलल्यावर तिथेच चौकोन होता.

“ती पण पावडरच,” मेघना म्हणाली. “तिला कशाला परत बोलवायचं? संध्याकाळच्या गाडीने ती नवऱ्याकडे मुंबईला चाललीय. आम्हीही आवरायला घेतो.”

बाई पाण्यावर गेल्या. परत आल्या, जवळचा चष्मा लावला आणि सुनंदाचं चित्र पुन्हा उघडलं. माझ्याकडे न वळता त्या बोलल्या. वाचन चालू असताना त्यांनी माझ्याशी बोलण्याची ती पहिली वेळ.

“मी पावडर म्हटलं, ते पावडर दिसली म्हणून म्हटलं, की सकाळपासून पावडरच बघतेय म्हणून?”

मी बाकावरून उठून पडद्याजवळ गेले.

“हिला सकाळचं काही आठवत नाही,” त्या सूनबाईंच्या पडद्याकडे बोट करून म्हणाल्या. “हिच्यापुढे प्रत्येक बाई पहिलीच. बाकीच्यांचे चौकोन धुतल्यावर गेले, ते आपण बघितलं. सुनंदाचा गेला की राहिला, कोणी बघितलंय?”

आशाताईंनी सुनंदाला फोन केला. ती हसली. पावडर धुतली, चहा ठेवलाय, बायका यायला लागल्यात, असं तिने सांगितलं. बाईंनी मेघनाला गाडी शाळेतच उभी ठेवायला लावली आणि मला विचारलं, “तुझी गाडी आहे ना खाली?”

घाटीचा रस्ता, वळणं, कातळावरचं वाळलेलं गवत. वाटेत बाई म्हणाल्या, “सावकाश चालव. मला तिथे पोचायचंय.” आणि थोड्या वेळाने, “एवढं सावकाश नको.”

सुनंदाचं घर जांभ्या दगडाचं, समोर अंगणासारखं सारवलेलं खळं. खळ्यात बायका बसल्या होत्या, ओसरीवर बांधलेली प्रवासाची पिशवी होती. सुनंदा चाळिशीतली, हाडापेराने भक्कम. तिची सासू कुंकवाची कोयरी घेऊन पुढे आली आणि बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र नाही हे बघून थबकली. हळदीकुंकू सवाष्णींचं, आणि ही कोण हे तिला ठरवता येईना.

“मी कुमारिका आहे,” बाई कपाळ पुढे करून म्हणाल्या. “चालते.”

खळं हसलं. बाईंना कुंकू लागलं, तिळगूळ मिळाला, वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी मिळाली. गाळणी हातात धरूनच त्यांनी सुनंदाला जवळ बोलावलं.

“चल, शाळेत जाऊन येऊ.”

“पावडर व्हती बाय ती. धुतली मी.”

“मीही पावडरच म्हटलंय. माझं खरं की खोटं, एवढं बघायचंय.”

“तुमचं खोटं कसं आसल? तुमी डाक्टर.”

“म्हणून तर बघायचंय.”

“आनि गाडी चुकली तर? आमचे हे तिकडं स्टॉपावर येऊन उभे ऱ्हातील.”

“तुला गाडीत मी बसवीन. शब्द देते.”

सासूला हे आवडलं नव्हतं. “तिला काय दुकत नाय, खुपत नाय. पहाटे उटून दोन हंडे पानी आनते. चांगल्या बाईला कशाला भ्या घालता?”

“दुखत असतं तर ती माझ्याकडे आली असती,” बाई म्हणाल्या. “दुखत नाही, म्हणून मी आलेय.”

सुनंदाने सासूकडे बघितलं, मग पिशवीकडे. हातातली हळदीची वाटी तिने शेजारणीला दिली आणि पायात चपला सरकवल्या.

शाळेत तिने साबण लावून धुतलं. मेघनाने ओल्या फडक्याने परत पुसून घेतलं आणि चित्र काढलं. गाडीतला पडदा लहान होता. आम्ही तिघी त्याच्यापुढे दाटीने उभ्या होतो. पडदा उजळला. काखेजवळचा भुरभुरलेला पांढरेपणा गेला होता. त्याच्या आत, थोडं खाली, रांगोळी सांडावी तसे चार-सहा कण होते तिथेच होते. आधी पावडरीच्या गर्दीत ते वेगळे ओळखू येत नव्हते. आता त्यांच्याभोवती काहीच नव्हतं.

बाहेर सुनंदा आशाताईंना मुंबईच्या खोलीबद्दल सांगत होती. तिच्या अंगात जे चाललं होतं त्याची तिला स्वतःला खबर नव्हती. तिला गाठ लागत नव्हती, वेदना नव्हती. कुठल्या डॉक्टरच्या बोटांनाही ते लागलं नसतं. एका प्रणालीने तिथे चौकोन काढला होता आणि आपल्याच शब्दावर विश्वास न ठेवणारी एक म्हातारी त्यासाठी घाट उतरून आली होती.

बाई बाहेर आल्या आणि सुनंदाच्या शेजारी शाळेच्या पायरीवर बसल्या.

“बाकी सगळं धुतलं गेलं. थोडं राहिलंय.”

“म्हंजे कॅन्सर?”

“माहीत नाही. सुईने तुकडा काढून बघावं लागेल. असलाच तर अगदी लहान आहे, आत्ताच सुरू झालेला. नसेलही. पण मुंबईला गेलीस की पहिलं काम हे.”

“तुमचं खोटं झालं मंग.”

“झालं.”

बाईंनी तिथूनच तिच्या नवऱ्याला फोन केला. तो दादरला एका दुकानात कामाला होता. घरी नेण्याआधी तिला कुठल्या रुग्णालयात न्यायचं, कोणाला भेटायचं, हे त्यांनी त्याच्याकडून परत वदवून घेतलं. मग आम्ही सुनंदाला तिठ्यावर नेलं. गाडी आली, बाईंनी तिची पिशवी स्वतः वर चढवली. गाडी निघून गेल्यावर मेघना म्हणाली, “गेली आता. मुंबईत शिरली की कोण जातंय तपासायला.” रत्नागिरीत परतल्यावर, अहवालातल्या आपल्या ‘पावडर’ या शब्दाखाली बाईंनी लिहायला सांगितलं: ‘वाचन चुकले. कण आहेत.’

त्यानंतरच्या दिवसांत बाई पाण्यावर जास्त वेळ राहू लागल्या. नवऱ्याचा फोन कधी लागे, कधी नाही. लागला की तो ‘जातो, उद्या जातो’ म्हणे. बाई ओरडत नसत. दुसऱ्या दिवशी परत लावत. शेवटी त्याचाच फोन आला. सुई झाली होती. पेशी बदललेल्या निघाल्या होत्या, पण दुधाच्या नळीच्या आतच. नळीची भिंत त्यांनी अजून ओलांडली नव्हती. छोटी शस्त्रक्रिया करून तेवढा भाग काढायचं ठरलं आणि तो काढला गेला.

बातमी मला लिहायचीच होती. काय लिहू, असं मी बाईंना विचारलं.

“लिही, डॉक्टरने पावडर म्हटलं, यंत्राने चौकोन काढला.”

“आणि यंत्राने त्या दिवशी सगळ्या गावाला उगाच चौकोन लावले, ते?”

“तेही लिही. नाहीतर हिला देव करून बसतील. देवाचं कोणी तपासत नाही.”

सुनंदा गावी परतल्यावर केंद्रात आली. थोडी उतरली होती, आवाज तसाच होता. बाईंनी तिचे सगळे कागद बघितले, पुढच्या तपासण्या समजावून सांगितल्या. ती ऐकत होती, पण तिच्या मनात वेगळंच काही होतं. उठायची वेळ आली तशी तिने ते विचारलं.

“बाय, तुमी त्या दिवशी नसता आलात तर काय झालं आसतं?”

मला वाटलं, बाई काहीतरी सावरून सांगतील. त्यांनी जवळचा चष्मा काढून छातीवर सोडला.

“काही नाही. मजेत असतीस तू. अजून दोन-तीन वर्षं.”

सुनंदाने कागद पिशवीत घातले आणि पिशवीचं तोंड नीट बांधलं.

“मंग बरं केलंत,” ती म्हणाली. “येवडी मजा मला सोसली नसती.”